बंदरावरचा बँड

दत्ता माने सांगलीच्या पोलीस बँडमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्याला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. मुलगी सानिका आणि जावई रणजित नेदरलँड्समध्ये आल्मेरेला राहायला गेल्यापासून त्यांचं "या, या" चाललं होतं, आणि दर वर्षी माने काहीतरी कारण काढायचे. कधी गुडघा, कधी घराची रंगरंगोटी. शेवटी चित्राताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, "तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाते" असं निक्षून सांगितलं, तेव्हा कुठं नोव्हेंबरच्या शेवटी दोघं स्वेटर-मफलर-कानटोपी अशा थाटात ॲमस्टरडॅमला उतरली.

सानिकानं बेत आखूनच ठेवला होता. डिसेंबरातला प्रत्येक शनिवार-रविवार एकेका ख्रिसमस बाजाराला. कोलोन, आखन, ब्रसेल्स, आणि नाताळच्या तोंडावर फाल्कनबर्ग, जिथं डोंगराच्या पोटातल्या गुहांमध्ये बाजार भरतो. ती आणि रणजित या देशात नवीन आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, चार वाजताच अंधार पडायचा आणि घर खायला उठायचं. त्या पहिल्या डिसेंबरात याच बाजारांनी तिला तारलं होतं. दिवे, दालचिनीचा वास, कागदाच्या शंकूतले गरम बदाम. हे सगळं आईवडलांना दाखवायचं, असं तिच्या मनात तेव्हापासून होतं.

चित्राताई खूश होत्या. कोलोनला कॅथेड्रलच्या खाली उभं राहून त्यांनी मान मोडेपर्यंत वर पाहिलं. आखनला गवताच्या काड्यांची चांदणी घेतली आणि ती करणाऱ्या बाईला हातवारे करून विचारलं, की हा धागा मधोमध कसा ओवला. त्या बाईनं एक चांदणी सोडून पुन्हा करून दाखवली. मान्यांचं मात्र कुठंच मन लागत नव्हतं. तक्रार अशी काही नव्हती. सगळ्यांच्या मागून शांतपणे चालायचे, दिलेलं खायचे, "छान आहे" म्हणायचे. पण प्रत्येक बाजारात शिरलं की थोडा वेळ मान तिरकी करून ऐकायचे, आवाजाच्या दिशेनं चालू लागायचे आणि एखाद्या खांबावरच्या स्पीकरखाली जाऊन थांबायचे.

ब्रसेल्सला रणजितनं विचारलं, "मामा, काही शोधताय का?" सासऱ्यांना मामा म्हणायची त्याच्या घरची पद्धत होती.

"नाही ओ. म्हटलं, कोणी वाजवतंय का बघावं."

"गाणी लागलीत की."

"लागलीत. वाजवत नाहीत कुणी."

रणजित हसला. पण सानिकाच्या मनात ते वाक्य घरी येईपर्यंत घोळत राहिलं.

माने बँडमध्ये युफोनियम वाजवायचे. पितळेचं ते पोटाशी धरायचं वाद्य, ट्यूबा या सगळ्यात मोठ्या पितळी वाद्यापेक्षा लहान, उजव्या हाताच्या तीन बोटांनी झडपा दाबत वाजवायचं, आवाज माणसाच्या भरदार गळ्यासारखा. बाविसाव्या वर्षी ते त्यांच्या हातात आलं आणि निवृत्तीच्या दिवशी सरकारी सामान म्हणून परत गेलं. पंधरा ऑगस्टची परेड, साहेबांची बदली, गणपतीची मिरवणूक, शहिदाला मानवंदना, सगळीकडं ते वाजलं होतं. पण मान्यांना जवळचा होता तो पंचवीस डिसेंबर. गावाबाहेर मिशनचं कंपाउंड होतं. दर वर्षी तिथली मंडळी रीतसर अर्ज करून बँड मागवायची. सकाळी नदीवरून धुकं यायचं, पितळ ओठाला लावलं की चटका बसावा इतकं गार असायचं. चिंचेखाली बाकं मांडलेली. नवे फ्रॉक घातलेल्या पोरी, काठापदराच्या साड्या नेसलेल्या बायका, आणि मिशनमधल्या एका मास्तरांनी स्वतःच्या हातानं उतरवून दिलेली नोटेशनं. वाजवून झालं की कांदेपोहे, आणि वर्तमानपत्रात बांधलेला केक. चित्राताई लहानग्या सानिकाला कडेवर घेऊन फाटकाशी उभ्या असायच्या. सानिकाला त्यातलं फार आठवत नव्हतं. केक आठवत होता.

ब्रसेल्सनंतरच्या शनिवारी कुठं जायचं नव्हतं. रणजितला ऑफिसचं काम निघालं होतं. दुपारी सानिका म्हणाली, "चला, आपल्याच हावनला छोटासा बाजार आहे. चालत जाऊन येऊ."

हावन म्हणजे आल्मेरेचा बंदराकडचा भाग, त्यांच्या घरापासून जवळच. बाजार अगदीच बेताचा होता. पाण्याच्या कडेला थोडेसे तंबू, एक तेलात तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची गाडी, शाळेच्या मुलांनी केलेल्या मेणबत्त्या. पण कोपऱ्यावरून वळायच्या आधीच माने थबकले.

"बँड आहे," ते म्हणाले.

आणि ते चालायचं सोडून जवळजवळ पळायलाच लागले. चित्राताई मागून ओरडल्या, "अहो, गुडघा!"

बंदराच्या धक्क्यावर लाल मफलर गुंडाळलेली वीस-पंचवीस माणसं अर्धगोलात बसली होती. बायका, म्हातारे, कॉलेजातली पोरं. ट्रम्पेट, हॉर्न, सॅक्सोफोन, एका टोकाला भला मोठा ड्रम. माने पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिले. एक धून संपली, दुसरी सुरू झाली. हातमोज्यातली त्यांची उजव्या हाताची तीन बोटं कोटावर खाली-वर होत होती, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

मधल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. खुर्चीशेजारी स्टँडवर युफोनियम ठेवलेलं होतं.

"बघ," ते सानिकाला म्हणाले, "कोण आलेलं नाही. ट्रम्पेटच्या खाली पोकळ लागतंय. इथं असं पाहिजे." आणि त्यांनी ते गुणगुणून दाखवलं. सानिकाची आठ वर्षांची मुलगी अवनी आजोबांकडं टकामका बघायला लागली. आजोबांना तिनं कधी गुणगुणताना ऐकलंच नव्हतं.

मध्यंतरात मोठ्या ड्रमवरचा म्हातारा सरळ त्यांच्याकडं आला. उंच, वाकलेला, नाक थंडीनं लाल. त्यानं आपली तीन बोटं हवेत हलवून दाखवली आणि सानिकाशी डचमध्ये बोलला.

"पप्पा, हे म्हणतायत, तुम्ही वाजवता ना? तुमच्या बोटांवरून ओळखलं त्यांनी." सानिका हरखून गेली होती. तिनंच पुढं सांगून टाकलं, की वडील उभा जन्म पोलीस बँडमध्ये होते, युफोनियमच वाजवायचे.

म्हाताऱ्यानं, त्याचं नाव हेंक होतं, लगेच मागं वळून कुणाला तरी हाक मारली. रिकाम्या खुर्चीवरची बाई नर्स होती, आज ऐन वेळी तिला ड्यूटीवर जावं लागलं होतं, तर पाहुण्यांनी एक गाणं वाजवावं, असं तो म्हणाला. वाद्य येऊन पोचलंसुद्धा.

"नको, नको," माने म्हणाले.

"पप्पा, वाजवा की! अवनीनं कधी ऐकलं नाहीये."

"नको म्हणतायत ना ते," चित्राताई एकदम धारदार आवाजात म्हणाल्या. सानिकाला आईच्या त्या आवाजाचं नवल वाटलं, पण तोवर आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवायला लागले होते, आणि मान्यांनी हात पुढं केले होते. वाद्य पोटाशी आलं तसे त्यांचे खांदे आपोआप सरळ झाले. पाय जुळले. क्षणभर ते परेडवर उभे असल्यासारखे दिसले.

त्यांनी फुंकलं. नुसती हवा निघाली. पुन्हा ओठ आवळून फुंकलं, तेव्हा एक फाटका सूर आला, लगेच घसरला, आणि त्यांच्या वरच्या ओठाखाली काहीतरी सरकलं. त्यांनी चटकन तोंडावर हात नेला. वाद्य हेंकच्या हातात दिलं, दोन्ही हात जोडले आणि गर्दीतून वाट काढत घराच्या दिशेनं चालू लागले.

"आबा, आर यू ओके?" अवनी त्यांच्या मागं धावली. त्यांनी तिचा हात धरला आणि चालत राहिले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात चित्राताईंनी पीठ मळता मळता सांगितलं. "तीन वर्षं झाली पुढचे दात काढून. कवळी बसवल्यावर हे बँडरूमला गेले होते, जुन्या लोकांना स्वातंत्र्यदिनाला बोलावलं होतं म्हणून. तिथं असंच झालं. नवी पोरं बघत होती. घरी आले नि ताप आलाय म्हणून झोपून राहिले. ताप कसला!"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगू नको म्हणाले. दात गेल्याचं सांगितलं होतं की तुला. सूर गेल्याचं नाही सांगितलं."

सानिकानं गॅस बंद केला आणि बाहेरच्या खोलीत गेली. वडील खिडकीशी बसले होते. बाहेर समोरच्या घरातल्या झाडावर दिवे लागत-विझत होते.

"पप्पा, मी उगीच आग्रह केला."

"तुला काय माहीत?" ते म्हणाले. मग दोन्ही हातांनी वजन तोलून दाखवत, "जड आहे बघ त्यांचं. आपलं हलकं होतं. पण झडपा काय मऊ! तेल बरोबर घालतात."

"तुम्हाला आठवण येते का हो वाजवायची?"

"वाजवायची नाही एवढी. बसायची येते." त्यांनी हातानं हवेत ओळ दाखवली. "डाव्या बाजूला हॉर्न, उजवीकडं ट्यूबा, आणि आपण मधी. लोकांना ट्रम्पेट ऐकू येतं. आपलं कुणाला ऐकू येत नाही. पण आत बसलं की चारी बाजूंनी येतं अंगावर. मिशनच्या कंपाउंडात तर चिंचेखाली असं घुमायचं..." आणि ते त्या सकाळींबद्दल बोलत राहिले. धुक्यातून सायकलवर येणारे बँडमास्तर, शेकोटीवर वाद्यं गरम करून घ्यायची धांदल, फादरांच्या कुत्र्याचं प्रत्येक धुनेला भुंकणं. सानिकानं यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं. पानं वाढून झाली तरी ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपेत असताना माने फिरायला म्हणून बाहेर पडले आणि पुन्हा बंदरावर गेले. का गेलो, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. बाजार एकाच दिवसाचा होता. माणसं तंबू उतरवत होती. धक्क्यावर हेंक एकटाच खुर्च्यांच्या घड्या घालून हातगाडीवर रचत होता.

मान्यांना पाहून त्यानं हात वर केला. माने गेले आणि न बोलता एक खुर्ची मिटून त्याच्या हातात दिली. मग दुसरी. अशा बऱ्याच खुर्च्या झाल्यावर हेंक कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"यस्टरडे," तो म्हणाला आणि आपल्या ओठाकडं बोट दाखवलं. "टीथ?"

मान्यांनी मान हलवली. "टीथ. फिनिश."

हेंकनं इकडंतिकडं पाहिलं, रस्त्याकडं पाठ केली, तोंडात दोन बोटं घातली आणि आपली वरची कवळी काढून तळहातावर ठेवली. त्याचे गाल आत गेले, चेहरा कुण्या भलत्याच माणसाचा दिसायला लागला. "ट्यूबा," तो त्या बोळक्या तोंडानं म्हणाला. "फॉर्टी इअर, ट्यूबा. नाउ..." आणि त्यानं मोठा ड्रम बडवल्यासारखा हात केला. "बूम."

माने बघतच राहिले. मग त्यांनीही रस्त्याकडं पाठ केली आणि आपली कवळी काढून हातात घेतली. समुद्रावरून यावा तसा वारा सुटला होता. दोन म्हातारे आपापले दात हातात घेऊन समोरासमोर उभे होते, तेवढ्यात सायकलवरून एक बाई गेली आणि जाता जाता रीतीप्रमाणं सुप्रभात म्हणाली. दोघांनी एकदमच उत्तर द्यायचा प्रयत्न केला. जे काही बाहेर पडलं, ते कुठल्याच भाषेत नव्हतं. हेंक हातगाडीला धरून हसायला लागला. मान्यांना हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

नंतर दोघं धक्क्याच्या कठड्यावर बसले. हेंकच्या थर्मासमधली कॉफी एका झाकणातून प्यायले. हेंकनं हातानं भोवतालची घरं, दुकानं, झाडं दाखवली. "आय, स्कूल बॉय. हिअर, वॉटर. ऑल वॉटर." मान्यांना आधी कळेना. मग कळलं. हा शाळेत होता तेव्हा इथं समुद्र होता. पुढं तो ॲमस्टरडॅमहून इथं राहायला आला तेव्हा रस्ते नव्हते, सगळा चिखल होता, आणि त्या चिखलात चार माणसांनी मिळून हा बँड काढला होता. त्या चारांतला तो एकटाच उरला होता. "माय फ्रेंड्स," तो म्हणाला आणि आकाशाकडं बोट केलं.

"माय बँडमास्तर आल्सो," माने म्हणाले.

घरी आले तेव्हा सानिका कोट चढवून त्यांना शोधायलाच निघाली होती. "कुठं होतात पप्पा? फोन पण नेला नाहीत!"

"बुधवारी मला बंदराजवळच्या शाळेच्या हॉलमधी सोडायचं," माने म्हणाले. "हेंकनं बोलावलंय, तालीम आहे."

"तुमची?"

"आमची."

बुधवारी सानिका त्यांना सोडायला गेली आणि दाराशीच थांबली. हेंकनं मान्यांना आपल्या शेजारी बसवलं आणि त्यांच्या हातात झांजा दिल्या. भरती झाल्यावर सांगलीतही आधी झांजच हातात मिळायची, त्यामुळं त्यांना ते काही कमीपणाचं वाटलं नाही. बँड चालवणारी बाई उंच आणि कडक होती. तिनं काठी वर केली, माने पाठ ताठ करून उठले, आणि ठरल्या जागी त्यांनी अशी काही झांज हाणली, की पुढची सगळी रांग मान वळवून बघायला लागली. ती परेडची झांज होती.

हेंक त्यांच्याकडं वाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दत्ता. नो वॉर. ख्रिसमस."

सगळा हॉल हसला. माने पण हसले आणि दुसऱ्या वेळी झांजा नुसत्या एकमेकींवरून फिरवल्या. बाईनं न थांबता त्यांच्याकडं बघून मान डोलावली.

दुसऱ्या बुधवारी घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "शनिवारी आमचा कार्यक्रम आहे. वृद्धाश्रमात."

"शनिवारी फाल्कनबर्ग आहे, पप्पा. गुहेची तिकिटं काढलीत."

"मग तुम्ही जा."

"तुम्हाला सोडून कसं जायचं? जाऊ दे, राहू दे फाल्कनबर्ग."

"राहू दे कसं?" चित्राताई मध्येच म्हणाल्या. "मला गुहा बघायची आहे. यांचा बँड मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. मी, रणजितराव आणि अवनी जातो. तू थांब यांच्याजवळ." आणि विषय संपला.

शनिवारी वृद्धाश्रमाच्या काचेच्या दालनात बँड बसला. समोर चाकाच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं, मांडीवर शाली. मान्यांच्या गळ्यात लाल मफलर होता. नर्सबाई आपल्या खुर्चीवर परत आल्या होत्या. युफोनियम वाजवणारी बाई मान्यांनी जन्मात कधी पाहिली नव्हती. कार्यक्रमाआधी त्यांनी सानिकाला सांगितलं, "हिला विचार, ओठ किती आवळते? आवाज गोल येतो तिचा." सानिकानं विचारलं. बाई लाजल्या.

शेवटून दुसरी धून सुरू झाली तेव्हा मान्यांनी झांजा हातात धरल्या होत्या. दोन्ही तालमींना ती वाजलीच नव्हती, बँडला ती पूर्वीपासून पाठच होती. फक्त शेवटी एक झांज आहे, तेवढं हेंकनं त्यांना सांगून ठेवलं होतं. सुरुवातीला नुसती ट्रम्पेटं होती, त्यावरून लक्षात आलं नाही. मग ट्रम्पेटं थांबली आणि युफोनियमनं खालची ओळ उचलली. तीच. मिशनच्या मास्तरांनी निळ्या शाईनं उतरवून दिलेली. ती आता डावीकडून, उजवीकडून, समोरून येत होती, आणि माने तिच्या मधोमध बसले होते. त्यांचे डोळे मिटले. समोर बसलेल्या सानिकाला दिसलं, की वडलांची तीन बोटं झांजेच्या कातडी पट्ट्यावर हलतायत. तिच्या कानात ती धून कुठून तरी खोलवरून ओळखीची होऊन येत होती. गार हवा, आईच्या खांद्यावरच्या लोकरीचा खरखरीतपणा, कुत्र्याचं भुंकणं.

बँड चालवणाऱ्या बाईंनी काठीनं मान्यांकडं खूण केली. माने ऐकत होते. हेंकनं कोपर मारलं. ते दचकून उठले आणि धून संपून गेल्यावर, अगदी शांततेत, त्यांची झांज वाजली.

सगळ्यांच्या माना मान्यांकडं वळल्या. मग चाकाच्या खुर्चीतली एक आजी टाळ्या पिटायला लागली, तिला तेच सगळ्यात जास्त आवडलं होतं. बँड हसत सुटला. हेंकनं मान्यांच्या पाठीवर थाप मारली आणि बाईंनी तीच धून पुन्हा पहिल्यापासून घेतली.

फाल्कनबर्गची मंडळी अंधार पडल्यावर परत आली. अवनी गाडीतच झोपली होती. चित्राताई मात्र टवटवीत होत्या. गुहेत भिंतींवर किती जुनी चित्रं काढलीत, आत कशी उबदार हवा असते, कोणत्या दुकानात काचेचे पक्षी होते, सगळं त्यांनी कोट न काढता सांगितलं. मग नवऱ्याकडं वळल्या.

"तुमचं कसं झालं?"

"झांज चुकली एक."

"कुठं?"

मान्यांनी ती ओळ गुणगुणून दाखवली. पोळ्यांचा डबा उघडता उघडता चित्राताईंचा हात थांबला. त्यांनी सानिकाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"कंपाउंडातलं?"

"तेच."

"इथं कसं आलं ते?"

"इथलंच असेल. आपल्याकडंच पाहुणं आलं असेल."

चित्राताईंनी डबा उघडून पोळ्या काढल्या. मग त्यांनी ताटं मांडली.

"चुकली तर चुकली," त्या म्हणाल्या. "जेवून घ्या आता. आणि नंतर एकदा सगळं म्हणून दाखवा, पहिल्यापासून."